पाणातिपाता वेरमणी म्हणताना

पहिलं शील, म्हणजे जीवहत्येपासून दूर राहण्याचं, लहानपणापासून म्हणतेय, पण एका मैत्रिणीने अबॉर्शननंतर फोन करून "मी शील मोडलं का गं?" असं विचारलं तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. म्हणून वाचायला बसले.

विनयपिटक, म्हणजे भिक्खू-भिक्खुणींच्या नियमांचा ग्रंथ, याबाबतीत कडक आहे, ते उगाच मवाळ करून सांगू नये असं मला वाटतं. पाराजिक म्हणजे सगळ्यात गंभीर दोष, आणि माणूस मारण्याबद्दलच्या तिसऱ्या पाराजिकात माणूस कुठपासून धरायचा तर आईच्या पोटात पहिलं विज्ञान, म्हणजे जाणीव, उत्पन्न होते तिथपासून, आणि भिक्खूने गर्भ पाडायचं औषध दिलं नि गर्भ गेला तर तो संघातून कायमचा बाहेर. मात्र दोष औषध देणाऱ्या भिक्खूचा धरलाय, ते मागणाऱ्या बाईला तिथे शिक्षा नाही, हे मला दुसऱ्यांदा वाचताना दिसलं. त्यातच एक प्रकरण आहे, औषधाने गर्भ वाचला पण बाई मेली, तर तो पाराजिक नाही, थुल्लच्चय, म्हणजे त्याहून हलका दोष. मला आधी रागच आला, बाईच्या जिवाची किंमत कमी का? मग कळलं की किंमत जिवाची लावलेली नाहीच, मारायचं कोणाला मनात होतं ते बघितलंय. चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि, चेतना म्हणजेच कम्म, हे तथागतांचं वाक्य किती वेळा ऐकलं होतं, ते त्या दिवशी समजलं.

म्हणजे जीव गेला हे खरंच, पण घाबरून, जिवावर बेतलं म्हणून, रडत घेतलेला निर्णय आणि बेफिकिरीने घेतलेला निर्णय एकाच मापाने मोजता येत नाहीत. दलाई लामाही 1993 च्या एका मुलाखतीत अबॉर्शनला हत्याच म्हणाले, पण परिस्थितीनुसार अपवाद असू शकतो असंही म्हणाले.

जपानमधला मिझुको कुयो, म्हणजे जन्माआधीच गेलेल्या बाळांसाठीचा विधी, मला फार जवळचा वाटतो. मिझुको म्हणजे पाण्यातलं बाळ. टोकियोच्या झोजोजी मंदिरात जिझो या, अशा बाळांना सांभाळणारा मानल्या जाणाऱ्या, बोधिसत्त्वाच्या छोट्या दगडी मूर्ती ओळीने उभ्यात, डोक्यावर लाल टोपी, शेजारी वाऱ्यावर फिरणारं भिरभिरं. काही ठिकाणी मात्र गेलेलं बाळ त्रास देईल अशी भीती घालून बायकांकडून पैसे काढले गेले, तो धम्म नाहीच.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं, कडक भागसुद्धा, लपवलं नाही. मग फोनवरच त्रिशरण पंचशील म्हणायला घेतलं. पहिल्या शीलाशी ती अडखळली, मी थांबले, थोड्या वेळाने तिने स्वतःच पुढचं म्हटलं.