दाखला गावी, मूल गोव्यात

बार्देश आणि सासष्टीतल्या बांधकामांवर कर्नाटकातल्या विजापूर, बागलकोट, गदगकडून आलेल्या लमाणी कुटुंबांची मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत घालताना मला जन्मदाखल्याची धास्ती असायची. प्रत्यक्षात तो अडसर सहज सुटतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याच्या रजिस्टरातली नोंद चालते, तीही नसेल तर पालकाचं घोषणापत्र. आधार नसलं म्हणूनही प्रवेश थांबवता येत नाही.

सगळं थांबतं ते गावच्या शाळेच्या, शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी.

कुटुंब मुकादमाच्या निरोपावर रातोरात निघतं, तेव्हा दाखला कोण मागणार? इकडे मुख्याध्यापक म्हणतात, ‘दाखला आणा, मग बघू.’ दसऱ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडची शाळा बंद असते. आईबापांनी रोजगार बुडवून गावी जायचं, आणि तिथं शिक्षक भेटले नाहीत तर रिकाम्या हातानं परतायचं. कलम 5 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की दुसऱ्या राज्यातून सरकारी किंवा अनुदानित शाळेत येणाऱ्या मुलाचा प्रवेश दाखल्याच्या उशिरामुळे लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे ठाऊक असूनही मूल आठवडेच्या आठवडे बाहेर राहतं, याचा राग अजून जात नाही.

याहून वाईट म्हणजे ‘बसू दे वर्गात, नाव नंतर घालू’ हे उत्तर. ऐकायला ते मायेचं वाटतं. पण हजेरीपटावर नाव नाही म्हणजे पुस्तकं नाहीत, गणवेश नाही, माध्यान्ह आहाराच्या आकड्यात मूल नाही. पावभाजी वाटली जाते तेव्हा आपण मोजणीत नाही हे मुलाला पहिल्याच दिवशी कळतं. महिनाभरात ते यायचं थांबतं आणि कुणाच्याही नोंदीत गळती दिसत नाही. म्हणून नाव लागेपर्यंत हटू नये.

अर्ज दोन प्रतींत करावा. त्यात जुन्या शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, शेवटची इयत्ता आणि कलम 4, 5, 14 चा उल्लेख असावा. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज त्याच दिवशी तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा. लेखी तक्रारीच्या निकालाला कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, मुलाच्या दृष्टीनं ती फार मोठी, तेव्हा आधी स्वतः जाऊन भेटावं. तिथंही दाद लागली नाही तर पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

नाव लागलं तरी संगणकातली गाठ उरते. यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या देशभरच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, म्हणजे पेन, जुन्या शाळेच्या नावावर असतो. तिथून मुलाला मोकळं केल्याशिवाय इथली शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकत नाही. घाईत नवी नोंद केली तर एकाच मुलाचे दोन क्रमांक होतात आणि जुन्या शाळेत ते गळालेलं दिसत राहतं. इथल्या शाळेला विनंती पाठवायला सांगावं आणि सोबत तिथल्या शिक्षकांना फोन करावा, कारण नुसती विनंती पडून राहते. उत्तर नाहीच आलं तर तिथल्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना (बीईओ) लिहावं. कर्नाटकातल्या मुलाचा ‘सॅट्स’ (त्या राज्याची विद्यार्थी नोंदणी) क्रमांक हाताशी असला की त्यांना मूल पटकन सापडतं. जुनं प्रगतिपत्रक मिळालं तर त्यावर तो शोधावा.

पेन घालूनही ‘नोंद सापडत नाही’ असं आलं तर जन्मतारीख तपासावी. आधारवरची नव्हे, जुन्या शाळेच्या रजिस्टरातली घालावी. गावाकडे अंदाजानं 1 जून लिहिलेली मुलं पुष्कळ असतात. आडनावही एका कागदावर राठोड आणि दुसऱ्यावर लमाणी असू शकतं.

वर राहून गेलं: कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू देऊ नका. कलम 4 प्रमाणे त्याला वयाच्या वर्गात प्रवेश आणि वेगळं प्रशिक्षण मिळायला हवं. केंद्राच्या नमुना नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आहे. पहिलीत बसवलेला दहा वर्षांचा मुलगा टिकत नाही, तो लाजेनं जातो.

मुलगी टिकवायची असेल तर तिच्या धाकट्या भावंडाचं नाव त्याच दिवशी अंगणवाडीत घाला, नाहीतर दुपारपर्यंत ती बाळ कडेवर घेऊन साइटवर दिसेल. रस्त्यावर विक्री करणाऱ्या घरांतली मुलं शुक्रवारी म्हापशाच्या आणि बुधवारी हणजूणच्या बाजारामुळे गैरहजर राहतात, हे वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं. काम म्हापशाहून वेर्ण्याला हललं तर निघण्यापूर्वी दाखला मागा आणि त्याचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा. सणाला तीन आठवडे गावी जायचं असेल तर मात्र दाखला काढू नका, परतीची तारीख घालून रजेचा अर्ज द्या.