ढेमशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके

लातुरात घरी मासे पाळणं हे मुळात थोडं निलाजरेपणाचं काम आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर, त्याच गावात दिवाणखान्यात पन्नासेक लिटर पाणी नुसतं बघायला ठेवायचं! हे मत आमच्या आईचं आहे आणि पाहुणे बसलेले असले तरी ती ते गिळत नाही. टाकी आली ती लेकीच्या हट्टानं. पण टाकीतल्या गोल्डफिशचं नाव आईनंच ठेवलंय, ढेमसं. ओरंडा या गोलमटोल जातीचा गोल्डफिश ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नाव लगेच पटेल.

यंदा थंडीत हे ढेमसं आजारी पडलं. खालच्या वाळूवर अंग घासायला लागलं, पर मिटून कोपऱ्यात बसायला लागलं, आणि मग शेपटीवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले.

माझा धंदा औषधं विकायचा, माशांची नव्हे, पिकांची. कृषी सेवा केंद्र आहे. रोज कुणीतरी खिशातून सोयाबीनचं नाहीतर तुरीचं एक पान काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “शेठ, चांगलं औषध द्या.” मी विचारतो, पिवळी पानं खालची आहेत की शेंड्याची? रानात पाणी साचतंय का? आधी काय फवारलंय? निम्म्या वेळी उत्तर असं निघतं की औषध लागतच नाही, चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते. ते ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं आणि पुढच्या दुकानातून काहीतरी घेऊनच घरी जातं.

आता काउंटरच्या पलीकडे मी होतो, मोबाइलवर माशाचा फोटो घेऊन. माशांच्या दुकानातल्या पोरानं फोटोकडे ओझरतं पाहिलं आणि एक निळी बाटली, एक पिवळी बाटली आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूल समोर मांडल्या. “तिन्ही टाका काका, फरक पडतो.” हे वाक्य मला नवीन नाही. आमच्या धंद्यातही कीडनाशक, बुरशीनाशक आणि वरून टॉनिक एकाच पंपात घालायला सांगणारे आहेतच. मी फक्त नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे घेतले आणि बाहेर येऊन भाच्याला फोन लावला. तो उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलाय.

“मामा, आधी पाण्याचं सांगा, माशाचं मागून बघू,” तो म्हणाला.

पाण्याचं सांगण्यासारखं बरंच होतं. सकाळी टाकीतलं पाणी १९ अंशांवर उतरत होतं आणि दुपारी वर चढत होतं. आणि मेहुण्यानं भाचीच्या वाढदिवसाला दिलेला एक बारका गोल्डफिश नुकताच टाकीत आला होता. दुकानातले बरेच मासे कोलकाता-चेन्नईकडून पिशव्यांतून येतात. प्रवास, गर्दी, पाण्याची बदलाबदल यानं ते आधीच दमलेले असतात. असा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा असतो. पण वाढदिवसाची भेट टबात ठेवून बघा एकदा.

“ठिपके सगळ्या अंगावर हाईत का नुसते गालावर?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला फार आवडला. नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढऱ्या पुटकुळ्या येतात. तो रोग नव्हे, गडी वयात आलेला असतो. अशा धडधाकट माशांच्या डोक्यावर किती बाटल्या रिकाम्या झाल्या असतील कोण जाणे. तोंडाभोवती कापसासारखा थर धरला असेल तर ते आणखी वेगळं. त्याला सगळे बुरशी म्हणतात, पण पुष्कळदा ते जिवाणूंचं काम असतं, आणि पाणी गरम केलं की ते जिवाणू उलट जोर धरतात. आमच्या ढेमशाचे ठिपके मात्र शेपटीवर, पाठीवर, परांवर, सगळीकडे सुटे सुटे. म्हणजे व्हाइट स्पॉट. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी.

पुढचं सगळं या परजीवीच्या स्वभावावर ठरतं, म्हणून इथं जरा थांबतो. दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली घर करून खात बसलेला परजीवी. तिथं त्याच्यावर औषध लागू पडत नाही. पोट भरलं की तो गळून खाली वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. ती पिल्लं पाण्यात सुटतात आणि मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ म्हणा, औषध म्हणा, मारा लागू पडतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कापसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून काहीही फवारा, ती आत मजेत असते. तिला गाठायचं ते शिरायच्या आधी.

म्हणून औषध टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ठिपके वाढले, तर औषध बेकार आहे असं होत नाही. ते ठिपके आधीच आत शिरलेल्यांचे असतात. आणि ठिपके गेले म्हणून उपचार थांबवला तर वाळूतली पिल्लावळ आठवड्यानं पुन्हा वर येते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्याभरात फिरतं. पाणी १० अंशांवर गेलं तर त्याला महिनाही लागतो. पाणी कोमट करायचं ते याचसाठी. चक्र लवकर फिरावं आणि पिल्लं लवकर उघड्यावर यावीत. छोटा हीटर लावून रोज एक-दोन अंश वाढवत मी पाणी २८ वर आणलं. गोल्डफिश थंड पाण्याचा जीव आहे, त्याला एकदम शेक देऊन चालत नाही. शिवाय २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. परजीवी कल्ल्यांतही बसलेला असतो, म्हणजे श्वास आधीच आखडलेला. त्यामुळे हवेचा पंप रात्रंदिवस चालू. लाईट गेली की काय, म्हणून बॅटरीवरचा पंप आणला. तोही नसला तर तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून उंचावरून टाकीतच सोडत बसायचं. लेकीला ते काम आवडतं.

आता मीठ. इथं माझा धंदा कामी आला, कारण एकरी डोस आणि पंपाचा डोस यातला फरक समजावण्यात माझी हयात गेली. टाकीत पाणी किती आहे हे कुणीच मोजत नाही. “दोन फुटी टाकी आहे” एवढंच सांगतात. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात घ्यायची, गुणायची आणि ६१ नं भागायचं, लिटर निघतात. काचेची उंची नाही, पाण्याची. आमची २४ बाय १२, पाणी १२ इंच. उत्तर येतं साडेछप्पन. वाळू-दगडांचे वजा केले की ५० धरायचे. लिटरला २ ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅम मीठ, दुकानातल्या काट्यावर तोलून. ते टाकीतल्याच पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं सोडलं. खडे तसेच टाकले तर मासा त्याला तोंड लावतो आणि भाजतो. पाणवनस्पती आधीच बादलीत काढल्या, त्यांना मीठ सोसत नाही.

मिठाची आणखी एक गोष्ट, आणि ही आमच्याकडच्या हवेत जास्त महत्त्वाची. पाणी वाफ होऊन जातं, मीठ जात नाही. पातळी दोन बोटं खाली गेली म्हणून पाणी भरलं तर त्यात मीठ घालायचं नाही. पाणी काढून बदललं असेल तरच, जेवढं काढलं त्याच हिशेबानं. १० लिटरची बादली काढली तर २० ग्रॅम, बस्स.

आणि त्या बादलीवरूनच घरात रामायण. एक दिवसाआड एक बादली काढायची, तीही वाळूच्या तळातून ओढून, कारण कवचं तिथं असतात. त्यासाठी ठिबकच्या १६ एमएम लॅटरल नळीचा तुकडा कापून घेतला, फार झकास चालतो. एरवी टाकीतलं काढलेलं पाणी आई कढीपत्त्याला घालते आणि त्या झाडाची पानं अख्ख्या गल्लीत जातात. माशांच्या घाणीतून नायट्रेट येतं, दुसरं काय. पण मिठाचं पाणी झाडाला घालता येईना. “रोज बादलीभर पाणी फेकलालास, आणि त्या दिवसात आपण भांडी राखेनं घासलेली विसरलालास,” ती म्हणाली. यावर मुलाकडे उत्तर नसतं. शेवटी ती बादली संडासात वापरायची असं ठरलं आणि तेवढं पाणी तिकडचं वाचलं. लातुरात तह असेच होतात.

भरायचं पाणीही बघून घ्यावं लागतं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे आणि त्याचा पीएच आठच्या वर दाखवतो. फवारणीचं पाणी तपासायची पट्टी दुकानात असतेच. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि त्याचा विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशांना, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्का, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तेवढ्याच घाणीत जवळपास दसपट विष. म्हणून मी नळाचं पाणी पिंपात साठवून तेच वापरलं. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी खाणं कमी टाकावं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात आणि क्लोरीन त्यांनाही मारतं.

त्या निळ्या बाटलीबद्दलही याच कारणानं नाराज आहे. मिथिलीन ब्लू वाईट नाही. वेगळ्या टबात, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून वगैरे उपयोगी आहे. पण मुख्य टाकीत ओतलं की फिल्टरमधले जिवाणू मार खातात, मग अमोनिया चढतो, आणि आधीच आजारी असलेला मासा भलत्याच कारणानं जातो. वर टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. पिवळ्या बाटलीत काय होतं ते लेबलावर लिहिलेलंच नव्हतं. असा माल माझ्या दुकानात सापडला असता तर कृषी खात्यानं पंचनामा केला असता. कॅप्सूलबद्दल तर बोलायलाच नको. परजीवीवर अँटिबायोटिक चालत नाही.

सुरुवातीचे दोन दिवस खाणं बंद ठेवलं. धडधाकट गोल्डफिशला तेवढ्यानं काही होत नाही, पण आईच्या मते हा कहर होता. रात्री टाकीत भाताचं शीत तरंगताना दिसलं. कुणी टाकलं, विचारलं नाही.

मेहुण्याचा मासा गेला. त्याच्या अंगावर फारसे ठिपके नव्हते, पण वर येऊन तोंडानं हवा घेत होता आणि कल्ले भराभर हलत होते. भाचा म्हणाला, कल्ल्यांतच जास्त बसला असेल, तिथलं आपल्याला दिसत नाही. लेक रडली. मामाला कळवायचं की नाही यावर घरात दोन तट पडले.

ढेमशाचे ठिपके आधी वाढले, मग एका सकाळी कमी वाटले, मग दिसेनासे झाले. त्यानंतरही मीठ आणि कोमट पाणी दोन आठवडे तसंच ठेवलं. मग बिनमिठाच्या बादल्या घालत घालत खारटपणा उतरवला आणि हीटर हळूहळू खाली आणून बंद केला. शेपटीचं एक टोक जरा झिजलंय, ते भरून येतंय. वनस्पती परत टाकीत गेल्या. त्या बादलीत मासा नव्हता, त्यामुळे तिथं परजीवी उरायचा प्रश्नच नव्हता.

परवा मागच्या गल्लीतला एकजण दुकानात आला, बियाण्याला नव्हे. त्याच्या मॉली माशांवर पांढरं काहीतरी दिसतंय, आणि माझ्याकडे औषध आहे असं त्याला कुणीतरी सांगितलंय. मी म्हणालो, औषध नाही, आधी टाकीची मापं पाठव, पाण्याचा पीएच बघून जा आणि मासा वर येऊन तोंड उघडतोय का ते सांग. संध्याकाळी त्यानं मापं पाठवली, फुटात. पाण्याची उंची लिहायची राहिली होती.