जंगल, रस्ता, राजवाडा

सांगलीला आले की पहिली संध्याकाळ शेजारच्या काकांची. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. नोकरी पोटापुरती केली, बाकी उभी हयात राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांचे पडदे ओढण्यात गेली. मध्ये भडंगाची परात, आणि मी फोनवर अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या आमच्या छोट्या गावातल्या ऑपेरा हाऊसचे फोटो दाखवतेय. बंद पडलेलं ते, आम्ही गावकरी पुन्हा उघडायच्या खटपटीत आहोत.

"ऑपेरा म्हणजे ते मोठ्यानं गातात, तेच ना गं?"

"काका, तिथं ऑपेरा बहुतेक कधी झालाच नाही."

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली, तशी तिकडच्या हजार-दोन हजार वस्तीच्या गावांनीसुद्धा ऑपेरा हाऊसं बांधली. थिएटर म्हटलं की सोवळ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ऑपेरा म्हटलं की तीच मंडळी सहकुटुंब यायला तयार. म्हणून पाटी ऑपेराची. आत मात्र फिरत्या कंपन्यांची रडकी नाटकं, जादूचे प्रयोग, व्याख्यानं, शाळेचे समारंभ, नाच. पुढं सिनेमा आला, मोटारी आल्या, आणि हॉलना कुलपं लागली.

"म्हणजे नाटक्याला मुलगी न देणारे तिकडं पण होते म्हणायचे," काका एकदम खूश.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो पडदेवालाच विचारू जाणे. "सीनसीनरी काय मिळाली?"

माळ्यावर बांबूसारख्या लांब लाकडी दांड्यांना गुंडाळलेले रंगीत पडदे मिळाले होते. उलगडले तर एक जंगल, एक रस्ता, एक दिवाणखाना, एक राजवाडा. कुठलीही कंपनी येवो, त्यातच भागवायचं. काकांचा भडंगाचा घास हातातच राहिला. "अगं, आमच्याकडं पण हेच की!"

दर्शनी पडदा तर और. मधोमध व्हेनिसचा कालवा, नावा, चांदणं. आणि भोवती चौकटीचौकटीत गावातल्या दुकानांच्या जाहिराती. खोगीरवाला, औषधवाला, आणि एकाच दुकानात फर्निचर व शवपेट्या. मध्यंतरात लोकांनी बघत बसायचं ते हेच!

माझ्याकडं काम खुर्च्यांचं. दर शनिवारी आम्ही सात-आठ जण लाकडी खुर्च्या उलट्या करून खालचं च्युइंगम खरवडतो. दगड झालेलं असतं ते. प्रत्येक बैठकीखाली तारेचा एक पिंजरा आहे, पुरुषांनी हॅट ठेवायचा. बाबांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "इथं कधी खराटा धरला नाहीस, आणि तिकडं गोऱ्यांच्या खुर्च्या घासतेस व्हय?"

पण खरं घोडं अडलं ते जिन्यात. तिकडं हॉल बहुधा वरच्या मजल्यावर. खाली दुकानं, म्हणजे भाडं चालू. आता १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळं लिफ्टशिवाय असा हॉल नव्यानं उघडणं अवघड. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमचा प्रेक्षक सत्तरीचा, गुडघे धरून चालणारा. तो येणार कसा? झुंबराला देणगीदार मिळतो, लिफ्टच्या खड्ड्याला मिळत नाही. मखमली पडदा आधी की लिफ्ट आधी, यावर समितीत दोन बैठका भांडणात गेल्या. (माझं मत लिफ्टला. मखमल कुठं पळून जात नाही.) शेवटी रविवारी सकाळी पॅनकेक विकून, खुर्चीखुर्चीवर देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी लावायचं कबूल करून पैसे उभे केले.

धीर आला तो रेड क्लाउडमुळं. त्याच राज्यातलं, जेमतेम हजार वस्तीचं गाव. तिथलं ऑपेरा हाऊस १८८५ चं. पुढं मोठी कादंबरीकार झालेल्या विला कॅथरनं १८९० साली शाळा संपताना त्याच रंगमंचावर भाषण केलं होतं. मधली कित्येक वर्षं ते बंद होतं. २००३ मध्ये पुन्हा उघडलं. मी जाऊन बघून आले. वर तसाच हॉल, आणि वर्षभर कार्यक्रम.

"आमच्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांना, मराठी नाटक सुरू करणाऱ्यांना, कुठली समिती," काका म्हणाले. "५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' केलं ते इथले राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. राजेसाहेब १८५१ ला गेले आणि आश्रय संपला. मग निघाले गावोगाव. १८५३ ला मुंबईत, ग्रँट रोडच्या थिएटरात प्रयोग. तुमचं तिकीट किती?"

"दहा डॉलर. शाळेच्या पोरांना फुकट."

"फुकट नको. चाराणे तरी घे. फुकटचा प्रेक्षक मध्येच उठून जातो."

हे मी समितीला जसंच्या तसं सांगणार आहे. चाराण्याचं काय करायचं ते बघू.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि जंगलाचा पडदा दोन बोटांनी मोठा करत कडेला गेले. झाडं त्यांना बघायचीच नव्हती. दोरी बांधायच्या खुंटीजवळ थांबले.

"ही बघ. लाकूड कुठल्या अंगानं झिजलंय? डावखुरा होता गडी."