यातलं सगळ्यात महाग काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या प्रश्नाला मी हल्ली नुसती हसते आणि चहा टाकायला आत जाते. आमच्या घरच्या दगडांच्या संग्रहालयात, म्हणजे वाड्याच्या दाराशीच्या ढेळजेत, पाय ठेवून पाच मिनिटं झाली की तो येतोच. "बाई, ह्याच्यातलं सगळ्यात म्हाग काय हाय?" शाळेची सहल असो, लग्नाला आलेले पाहुणे असोत, नाहीतर वेरूळ-अजिंठा करून परतणारी पुण्याची मंडळी. दिवाळीनंतर एक आजोबा आले. बाकीचे जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "आमच्या हिरीत बी असले निघाले व्हते. म्या बांधाला टाकले. किती रुपयं बुडाले म्हणायचे?"

संग्रहालय म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरावरच्या गावातला माळवदाचा वाडा, त्याची ढेळज, आतल्या दोन खोल्या आणि ज्वारीचं एक रिकामं बळद. वाड्यात माणसं राहतात, त्यामुळे दगड बघायला आलेल्यांची आत्याबाई आधी चौकशी करतात, "कुणाचे म्हणायचे तुम्ही?" मी या घरची सून. शिकले प्राणिशास्त्र, दगड लग्नानंतर पदरात पडले.

हा सगळा पसारा आबांचा, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचा. ते विहिरींचे गुत्तेदार. शाळा निजामाच्या राजवटीत झाली, म्हणजे उर्दूत. 1948 नंतर राज्य बदललं, पण त्यांचे आकडे उर्दूतच राहिले. सुरुंग उडाला, धूर ओसरला की सगळे वाकून पाणी बघायचे. आबा पाणी बघून झालं की यारीने वर आलेल्या डबराकडे वळायचे. त्यात स्फटिक निघायचे: कडब्याच्या पेंढीसारखे कमरेत आवळलेले स्टिल्बाइट असायचे, खडीसाखरेच्या खड्यांसारखे अपोफिलाइट असायचे, आणि कधी बाभळीच्या काट्यांचा झुबका पांढरा पडावा तसा स्कोलेसाइट.

हे इथेच का सापडतात, तेही विचारतात लोक. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर सांडलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्यांत मुरत गेलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक धरले. विहिरीवरची माणसं अशा सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. एक लाव्हा थिजला आणि पुढचा यायला वेळ लागला, तेवढ्यात वरचा खडक झिजून त्याची ही माती झाली. या स्फटिकांपैकी बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने 1756 साली, तापवला की पाणी सोडून उकळल्यासारखा दिसणारा दगड पाहून हे नाव ठेवलं. (अपोफिलाइट काटेकोरपणे त्यात बसत नाही, पण हा वाद ढेळजेत काढला की पाहुणे उठतात.)

बाजारात यांना भाव आहे, खोटं कशाला बोलू? लेण्यांपाशी फेरीवाले विकतात. भडक गुलाबी नाहीतर शाईसारखा निळा दिसला तर बहुधा रंगवलेला समजा. आमचे दगड मात्र भावाचे नाहीत. सुरुंगाने निघालेल्या दगडाचे कोपरे उडालेलेच असतात. आमच्याकडे महाग आहे ती दगडाखालची चिठ्ठी.

विडीच्या बंडलाचा कागद, कॅलेंडरचं पान, जे हाताशी येईल त्यावर आबांनी लिहिलंय. मजकूर मराठीत, आकडे उर्दूत. ते वाचता यावेत म्हणून मी गावातल्या एका शिंपीकाकांकडे दोन महिने बसले. एक चिठ्ठी अशी: "देवळामागची विहीर. सहा परस. मुरूम दोन, मांजऱ्या तीन, खाली काळा. मांजऱ्यात पोकळी. पाणी गोड." परस म्हणजे अंदाजे एक पुरुष उंची, सहा फुटांच्या आसपास. म्हणजे छत्तीस फुटांवर गोड पाणी. त्याच शिवारात आता बोअर सहाशे फूट जातं आणि धूळ उडते.

ही अक्कल मला उशिरा आली. पहिल्या वर्षी मला सगळं नीटनेटकं करायचं होतं. अडतीस दगड घमेल्यात साबणाच्या पाण्यात घातले, ब्रशने घासले आणि माळवदावर ओळीने वाळत ठेवले. चिठ्ठ्या त्याच क्रमाने शेजारी, प्रत्येकीवर एक खडा. एप्रिलचा महिना, दुपारी वावटळ आली. बाकी सांगायला नको. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. काठी टेकत वर आले, रागावले नाहीत. तीन दिवस एकेक दगड हातात घेऊन बसले. एकोणीस ओळखले. विसाव्याला उलटापालटा करून म्हणाले, "ह्याला गेरू असायला पायजे व्हता. धुतलास का?" धुतला होता. उरलेले एकोणीस खालच्या कप्प्यात आहेत, "ठिकाण माहीत नाही" या माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसह.

लोमोंटाइट नावाच्या झिओलाइटची गोष्ट वेगळी. विहिरीतून ओला येतो तेव्हा चांगला भक्कम दिसतो. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि त्याचा भुगा होतो. आमच्या उन्हाळ्यापुढे तो काय टिकणार? आबांच्या एका बरणीत नुसती पांढरी पूड आहे आणि चिठ्ठीवर लिहिलंय, "ऊन लागलं. पीठ झालं." मी ती बरणी फेकली नाही. नवा तुकडा मिळाला की आता घट्ट झाकणाच्या डबीत ओल्या कापसाबरोबर ठेवते.

दगडाला कीड लागत नाही. कागदाला कसर लागते, भिंतीतून वाळवी येते, फुलपाखरांच्या पेट्यांत बारीक भुंगेरे शिरतात आणि पंखांची राख करतात. म्हणून शंका आली की पेटी असो वा चिठ्ठ्या, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. तो आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतलाय. आत्याबाई त्यात पुरण ठेवतात, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

कुणी कुणी हाडंही आणतं. मांजरा आणि गोदावरीच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळालेले आहेत, त्यामुळे "राक्षसाचं हाड" ऐकलं की मी हातातलं काम टाकते. मागे एकाने बांधकामावरच्या वाळूच्या ढिगातून दाताचा तुकडा आणला. दगड झालेला, जड, सुंदर. वाळू कुठल्या घाटावरची? टिपरवाला सांगेना, सांगणारही नव्हता. तो दात कप्प्यात आहे. येणारी मुलं त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात कमी सांगता येतं.

एक चिठ्ठी मात्र मी मांडत नाही. 1972 च्या दुष्काळातली. दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या, सुकडीवर दिवस निघत होते. चिठ्ठी म्हणते, "खडीवर मिळाला. बाईने पोरासाठी ठेवला होता. मी मागितला." बदल्यात काय दिलं ते लिहिलेलं नाही, दिलं की नाही तेही नाही. संग्रहातला सगळ्यात देखणा स्टिल्बाइट तोच आहे. तो बळदात ठेवलाय. कधी वाटतं चिठ्ठीसकट ढेळजेत मांडावा, कधी वाटतं नको. मामंजी म्हणतात, दगड मांड, चिठ्ठी राहू दे. तेवढं मात्र माझ्याच्यानं होणार नाही.

त्या आजोबांना मी रुपये सांगितलेच नाहीत. विचारलं, "हीर कुठली? किती परसावर लागले?" ते चमकले, मग ओट्यावर टेकले आणि अर्धा तास सांगत राहिले: कोणत्या साली, सुरुंग कुणी लावला, मुरूम किती, पाणी कुठल्या अंगाने आलं. मी लिहून घेतलं आणि चिठ्ठी रिकाम्या कप्प्यात ठेवली. आजवर काही दगड चिठ्ठीवाचून होते. हे उलटं पहिल्यांदाच झालं.

परवा त्यांचा फोन आला. बांध उकरला, एक सापडलाय, सोमवारी आणतो म्हणाले. सोमवारी आम्ही बंद असतो. या म्हटलं, आणि तसाच आणा, धुऊ नका.