प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नाही : आईच्या लिव्हरचा आमचा अनुभव

आईला डायबिटीस होऊन बरीच वर्षं झाली. दारूचा प्रश्नच नाही, चहा सोडला तर कसलं व्यसन नाही, त्यामुळे लिव्हरचा आजार हा विषय घरात कधी निघालाच नव्हता. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड १" असं लिहून यायचं, पण ते आता बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये असतंच.

गेल्या पावसाळ्यात शुगरबरोबर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केलं तर प्लेटलेट १.१८ लाख. ताप नाही, अंगदुखी नाही, पण पावसाळा आणि प्लेटलेट कमी म्हटल्यावर सगळ्यांनी डेंग्यूच धरला, मामी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर, शेजारच्या काकू किवी घेऊन आल्या. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. मग लॅबच्या मॅडमनी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघितला, कारण कधीकधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. तसंही नव्हतं, खरंच कमी होत्या.

फिजिशियननी मग जुने सगळे रिपोर्ट मागितले. आई कागद फेकत नाही ते इथे कामाला आलं. त्यांनी पेन्सिलने प्रत्येक सीबीसीतल्या प्लेटलेटला गोल केला आणि तारखेप्रमाणे टेबलावर मांडले : १.९०, १.७२, १.५५, १.३६ आणि आता १.१८. नॉर्मल दीड लाखापासून सुरू होतं, म्हणजे पहिले तीन आकडे नॉर्मलमध्येच, ते ठळक अक्षरात कधी आलेच नाहीत, पण ओळीने बघितले की उतार स्पष्ट दिसत होता. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र ४९ वरून ३६ वर आलेला, म्हणजे वरवर बघता लिव्हर सुधारलेलं. डॉक्टर म्हणाले तसं नसतं, लिव्हर कडक होत जातं तसा एसजीपीटी खाली येऊ शकतो, आणि हे बघा एसजीओटी, तसंच दुसरं एन्झाइम, ४८, तो आता एसजीपीटीच्या वर गेलाय.

लिव्हरचा आणि प्लेटलेटचा संबंध काय हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून तिथे येणाऱ्या शिरेतलं प्रेशर वाढतं, धरणाच्या मागे पाणी तुंबावं तसं रक्त मागे तुंबतं, पांथरी (प्लीहा, स्प्लीन) मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करायला लावणारं थ्रॉम्बोपोएटिन नावाचं हार्मोन मुख्यतः लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. आईच्या पांढऱ्या पेशीही कमी, ३६०० होत्या, तोही पांथरीचाच परिणाम असावा असं ते म्हणाले.

मग त्यांनी फिब-४ काढला, म्हणजे लिव्हर कडक झालं असण्याचा धोका किती ते सांगणारा आकडा. हा २००६ पासूनचा फॉर्म्युला आहे आणि वेगळी टेस्ट लागत नाही. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने, प्लेटलेट हजारात घ्यायच्या. ६१ गुणिले ४८ म्हणजे २९२८, खाली ११८ गुणिले ६ म्हणजे ७०८, उत्तर ४.१. १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त, आणि ६५ च्या पुढच्यांना खालची हद्द २ धरतात. मी घरी येऊन पाच वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर तेच गणित केलं, वय ५६, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १९०, तर १.६ आला, म्हणजे तेव्हाच मधल्या पट्ट्यात होतं, पुढची तपासणी करून घ्यायचा पट्टा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळे आकडे त्याच फाईलमध्ये होते आणि एकाही रिपोर्टवर ते एकत्र मांडलेले नव्हते. डायबिटीसवाल्यांच्या रिपोर्टवर लॅबने हा आकडा छापायलाच पाहिजे.

फक्त ताप, डेंग्यू, कावीळ चालू असताना हे गणित करू नका, तेव्हा प्लेटलेट पडलेल्या आणि एसजीओटी चढलेला असतो, उगाच मोठा आकडा येतो. आणि हा आकडा म्हणजे निदान नाही, पुढे कुणाला पाठवायचं ते ठरवायला आहे.

पुढचं सगळं भराभर झालं. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी) २१ किलोपास्कल, पांथरी वाढून १४ सेंटिमीटर, म्हणजे सिरॉसिस, लिव्हरमध्ये व्रण होऊन ते कडक झालेलं. स्कॅन २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असत्या तर एंडोस्कोपी टाळता आली असती, आईचं दोन्हीत बसत नव्हतं म्हणून करावी लागली. आई खूप घाबरली होती पण काही मिनिटांत झाली. अन्ननलिकेत छोट्या फुगलेल्या शिरा सापडल्या, फुटायच्या आधी सापडल्या हे महत्त्वाचं, त्यासाठी कार्वेडिलॉल, त्या शिरांमधलं प्रेशर कमी करणारी गोळी, चालू आहे. गुडघेदुखीच्या पेनकिलर गोळ्या बंद, लोणचं-पापड जवळजवळ बंद, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी). पुढची दिवाळीनंतर आहे, आणि आता मामांचे पण जुने सीबीसी काढून बसलोय, त्यांनाही शुगर आहे.