मोसमाची नोंद: जिब सुटली, टिलर हाती आली

पावसाळा सरला, बंदरात पुन्हा शिडं लागली आणि या मोसमात मला जिबच्या दोरीवरून टिलरवर बढती मिळाली. होडी तीच, एंटरप्राइज डिंगी: दोघांची, सव्वातेरा फुटी, निळ्या शिडांची, 1956 सालचं डिझाइन.

नव्याने येणाऱ्यांसाठी भाग भराभर सांगतो. डोलकाठीमागचं मोठं शीड मेन, पुढचं छोटं जिब. मेनच्या तळाशी आडवा दांडा तो बूम. शीड वर चढवते ती दोरी हॅलयार्ड, आत-बाहेर करते ती शीट. सुकाण्याचा दांडा टिलर. तो उजवीकडे ढकलला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. एवढं दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

घोडं अडतं ते वाऱ्यापाशी. पोर्ट डावी आणि स्टारबोर्ड उजवी, या होडीच्या बाजू, नाळेकडे तोंड करून ठरवलेल्या; त्या बदलत नाहीत. विंडवर्ड आणि लीवर्ड मात्र वारा ठरवतो: तो येतो ती बाजू विंडवर्ड, जातो ती लीवर्ड. वारा डावीकडून येत असेल तर तुम्ही पोर्ट टॅकवर, मग नाळ करंजाकडे असो की माझगावकडे. स्टारबोर्ड टॅकवाली होडी आडवी आली तर पोर्टवालीने वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर असतील तर विंडवर्डच्या होडीने. म्हणून माझं मत, आधी वारा ओळखा, भागांची नावं मागून येतील. (घारापुरीच्या लाँचनेही एरवी शिडाच्या होडीला वाट द्यावी असा नियम आहे, पण चॅनलमध्ये आपणच तिच्या आड यायचं नसतं. मी तर कुठेच हक्क सांगायला जात नाही.)

थेट वाऱ्याच्या तोंडावर, दोन्हीकडे साधारण 45 अंशांत, शीड चालत नाही, नुसतं फडफडतं. तिकडेच जायचं तर नागमोडी जावं लागतं, आणि त्यातल्या प्रत्येक वळणालाही टॅकच म्हणतात. मी विचारतो, "रेडी अबाउट?" जोडीदार जिबची शीट क्लीटमधून (दोरी अडकवायच्या खाचेतून) मोकळी करून हातात धरतो, "रेडी." "ली-हो!" म्हणत टिलर बूमच्या बाजूला ढकलायची, डोकं खाली, बूम वरून जाते, आपण पलीकडे सरकायचं. जिब उलट्या बाजूला भरली की नवी शीट ओढायची, आधी नाही. घाई केली तर नाळ मागे ढकलली जाते. आता हे न अडखळता जमतंय. गेटवेजवळ मात्र वायव्येचा वारा इमारतींवरून तुटक येतो, तिथे वेग मिळाल्याशिवाय टॅक घेत नाही.

जाइब अजून कच्चा आहे. त्यात नाळेऐवजी होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरते आणि बूम सणकन येते.

भरतीचा हिशोब जुनाच: तिथीला पाऊणने गुणा. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास. नेमकी वेळ तक्त्यात बघायचीच. दुपारी भरती चढत असताना समोरून वायव्येचा वारा असला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि पुढची बैठक चिंब होते.

पुढचा धडा कॅप्साइझचा: आडवी झालेली होडी सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली निघणाऱ्या फळीवर, उभं राहून उठवायची. त्यासाठी अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते तो काळ, धरलाय. उधाणाच्या ओढीत होडी उठवेपर्यंत आपण भलतीकडेच वाहत जायचो.