पंपाचे टायमिंग आणि बांधलेली तरफ

1.9 लिटरच्या टीडीआय डिझेल इंजिनावरचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण काढून तिथे इंधन सोडणारा यांत्रिक पंप बसवायचे ठरवले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ वायरिंग सोडवण्यात जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वायरिंग एका दुपारी उरकले आणि टायमिंगने, म्हणजे इंधन नेमक्या क्षणी सुटेल अशी जुळवणी करण्याने, माझे तीन रविवार खाल्ले.

मूळचा पंप आणि नवा पंप दोन्ही बॉशच्या व्हीई घराण्यातले असल्यामुळे जागेवर बसवताना फारशी अडचण येत नाही. फरक आहे तो आत. मूळ पंपात इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे कंट्रोल युनिट ठरवते, इंजेक्टरमधली सुई नेमकी कधी उचलली गेली हे सेन्सरवरून पाहते आणि त्याप्रमाणे टायमिंग दुरुस्त करत राहते, त्यामुळे बसवणाऱ्याची थोडीशी चूक खपून जाते. यांत्रिक पंपात चूक अशी झाकली जात नाही. तिथे इंधनाचे प्रमाण गव्हर्नरची (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) वजने सांभाळतात, आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा पंपाच्या पोटातला डिझेलचा दाब वाढून एक छोटा पिस्टन इंजेक्शनची वेळ ठरवणारी रोलर रिंग फिरवतो व इंजेक्शन आधी आणतो. तो पिस्टन मोजणीला सुरुवात कुठून करणार, एवढेच आपल्या हातात असते.

इंजेक्शन आधी आणावे का लागते, हे आकड्यांत पाहिले की नीट कळते. 3000 आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात 18 अंश फिरते, तर 900 आरपीएमला जेमतेम साडेपाच. अर्धा मीटर लांबीच्या नळीतून दाबाची लाट नोझलपर्यंत (इंजेक्टरच्या टोकापर्यंत) जायला साधारण एक तृतीयांश मिलिसेकंद घेते, म्हणजे 3000 आरपीएमला केवळ त्या प्रवासातच सुमारे सहा अंश खर्ची पडतात. डिझेल पेट घ्यायला लागणारा वेळ त्यानंतरचा.

मोजणीची पद्धत जुनीच आहे. पंपाच्या डोक्यावरचा मधला प्लग काढून तिथे अडॅप्टरसह डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) बसवायचे आणि त्याची दांडी साधारण दोन मिलीमीटर दाबली जाईल असे पाहायचे. मग इंजिन पान्याने हळूहळू उलट दिशेला फिरवत सुई हलायची थांबेपर्यंत न्यायचे, तिथे शून्य धरायचे, आणि सुलट दिशेने पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीपर्यंत (पिस्टन सर्वांत वर येतो त्या जागेपर्यंत) येऊन प्लंजर, म्हणजे पंपातला इंधन दाबणारा दट्ट्या, किती उचलला गेला ते वाचायचे. टीडीसीची खूण चुकून ओलांडली, तर तेवढेच मागे सरकून भागत नाही. बेल्टमधली ढील मोजणीत शिरते, म्हणून बरेच मागे जाऊन पुन्हा सुलट दिशेनेच खुणेवर यावे लागते. आकडा कमी भरला तर पंपाचे अंग त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवायचे. त्याआधी इंधनाच्या नळ्यांचे नट सैल करावेत, नाहीतर पंप वळतच नाही. बोल्ट आवळताना पंप किंचित सरकतो, त्यामुळे आवळून झाल्यावर इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा वाचन घेतल्याशिवाय आकडा खरा मानू नये.

आता आकडा कोणता धरायचा? फोक्सवॅगनच्या जुन्या, प्री-चेंबर (इंधन आधी पेटते तो छोटा कप्पा) असलेल्या डिझेल इंजिनांसाठी 0.9 ते 1.0 मिलीमीटरच्या आसपासचे आकडे दिलेले असतात आणि बहुतेक जण तेच उचलतात. पण तो आकडा त्या पंपाचा त्या इंजिनावरचा आहे. प्लंजरचा व्यास 9 मिलीमीटरऐवजी 10 किंवा 11 झाला, प्लंजर उचलणाऱ्या कॅम प्लेटचा उंचवटा वेगळा निघाला किंवा नोझल जास्त दाबाला उघडणारे असले, की तीच उचल वेगळ्या क्षणी इंधन सोडते. माझ्या मते पुस्तकातला आकडा इंजिन सुरू होण्यापुरता घ्यावा. पुढचे इंजिनालाच विचारावे.

माझ्या पहिल्या मोजणीत 1.00 आला आणि मी खूश झालो. इंजिन पहिल्या फटक्यात सुरूही झाले. मात्र पंप बसवताना कोल्ड स्टार्टची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) तरफ लोंबकळत राहू नये म्हणून मी ती तारेने बांधून ठेवली होती, ती नेमकी ओढलेल्या बाजूला. ही तरफ ओढली की रोलर रिंग फिरते आणि टायमिंग आधी येते. तार सोडताच डोळे चुरचुरणारा पांढरा धूर सुरू झाला, त्याला न जळलेल्या डिझेलचा वास होता आणि इंजिन दम लागल्यासारखे चालू लागले. नोझल खराब असतील म्हणून एक अख्खा रविवार मी ते काढून तपासण्यात घालवला. शेवटी डायल पुन्हा लावले, तेव्हा तरफ मोकळी असताना वाचन 0.7 च्या आसपास भरले.

तरफ मोकळी ठेवून 1.00 वर आणल्यावर धूर गेला, पण चढाला ओढ कमीच वाटत होती. मग 0.05 च्या पायऱ्यांनी पुढे सरकलो. 1.10 ला थंड इंजिन कडक आवाज करते, पण तापल्यावर निवळते, 1.15 ला तापल्यानंतरही हातोडीसारखा ठोका राहिला. तो ऐकून ओढ वाढल्याचा आनंद मानू नये, कारण सिलिंडरमधला वाढलेला दाब हेड गॅस्केटला सोसावा लागतो. मी 1.08 वर थांबलो. पंपाच्या फ्लँजवर छिन्नीने बारीक खूण केली आहे आणि तिच्याशेजारी मार्करने आकडा लिहिला आहे. नोझल बदलले की ती खूण रद्द.